धुवून उरलेले रेणू



या स्मृतिव्याख्यानाचे बोलावणे आले तेव्हा दोन अटी होत्या. विषय रसायनशास्त्रातला हवा आणि तो कोणत्याही शाखेच्या माणसाला कळायला हवा. म्हणून आज फळा नाही, पडदा नाही. विषय आहे ॲप्टामर नावाचे रेणू. नाव अनोळखी वाटेल, पण त्याची फोड करत बसत नाही. एका रोजच्या अडचणीपासून सुरुवात करतो.

थिओफायलिन हे दम्यावरचे जुने औषध. ज्या घरात डेरिफायलिनची गोळी किंवा इंजेक्शन येऊन गेले आहे, त्या घरात थिओफायलिन येऊन गेले आहे. या औषधाची गुणकारी मात्रा आणि त्रासदायक मात्रा यांत अंतर फार थोडे. रक्ताच्या दर मिलिलिटरमागे साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम असावे, असे डॉक्टर पूर्वापार मानत आले. त्याहून फार वर गेले तर मळमळ, धडधड, आणि टोकाला झटके. म्हणजे रक्तातले थिओफायलिन मोजता आले पाहिजे. आता गंमत अशी, की रुग्ण सकाळी चहा पिऊन आलेला असतो. चहात कॅफीन आहे आणि कॅफीन थिओफायलिनचे सख्खे भावंड आहे. थिओफायलिनच्या रेणूत सातव्या क्रमांकाच्या नायट्रोजनवर एक हायड्रोजन बसलेला असतो. कॅफीनमध्ये त्याच जागी मिथिल गट असतो, म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन. बाकी सारे तंतोतंत सारखे.

१९९४ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जेनिसन, गिल, पार्डी आणि पोलिस्की यांनी आरएनएचा एक छोटा तुकडा प्रसिद्ध केला. तो थिओफायलिनला कॅफीनपेक्षा १०,००० पटींनी घट्ट धरतो. एका मिथिल गटावरून दहा हजार पटींचा फरक! हा तुकडा म्हणजे ॲप्टामर. एकेरी धाग्याचा, बहुधा १५ ते १०० न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे तेवढ्या कड्यांचा, डीएनएचा किंवा आरएनएचा रेणू; तो स्वतःभोवती दुमडून एक ठरावीक आकार घेतो आणि त्या आकाराच्या बळावर एखाद्या निवडक रेणूला धरतो. व्याख्या एवढीच. पण हा तुकडा कोणी कागदावर आखून बनवला नव्हता. तो सापडला होता, आणि ज्या रीतीने सापडला तिच्यातच त्याच्या पारखीचे सगळे रहस्य आहे. माझे आजचे बोलणे मुख्यतः त्या रीतीबद्दल आहे.

आधी आकाराबद्दल. डीएनए म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुपेडी गोफ येतो. त्यात ए समोर टी आणि जी समोर सी, अशा बेसांच्या जोड्या. दोन्ही पेड एकमेकांत गुंतलेले, म्हणून तो धागा बराचसा ताठ आणि एकसुरी. एकेरी धाग्याला जोडीदार नसतो. मग त्याचे बेस आपल्याच धाग्यातले जोडीदार शोधतात. धाग्याचा एक भाग वळून दुसऱ्यावर येतो, जिथे जोड्या जमतात तिथे छोटे दुपेडी दांडे तयार होतात, जिथे जमत नाहीत तिथे फुगवटे आणि फासे राहतात. पेशीतल्या आरएनएत हे घडते, हे जुने ज्ञान आहे. यीस्टमधल्या एका ट्रान्सफर आरएनएची त्रिमिती रचना १९७४ साली समोर आली तेव्हा तो इंग्रजी एल अक्षरासारखा वळलेला दिसला. १९८९चे रसायनशास्त्राचे नोबेल सिडनी ऑल्टमन आणि थॉमस चेक यांना मिळाले ते आरएनए विकरासारखे कामही करतो हे दाखवल्याबद्दल. जो धागा वळून विकर होऊ शकतो, तो वळून पकडही घेऊ शकेल, ही कल्पना त्या वर्षांत अनेकांच्या मनात घोळत असणार.

ती प्रत्यक्षात आली १९९०च्या ऑगस्ट महिन्यात, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. ३ ऑगस्टच्या ‘सायन्स’मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाचे क्रेग ट्यूर्क आणि लॅरी गोल्ड यांचा निबंध आला, ३० ऑगस्टच्या ‘नेचर’मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक यांचा. शोस्टाक यांना पुढे २००९ साली नोबेल मिळाले, पण ते टेलोमिअरवरच्या कामाबद्दल. पहिल्या जोडीने आपल्या रीतीला सेलेक्स हे नाव दिले, दुसऱ्या जोडीने मिळालेल्या रेणूला ॲप्टामर. दोन्ही नावे टिकली.

गोल्ड यांच्या प्रयोगशाळेत टी-४ नावाच्या जिवाणुभक्षक विषाणूच्या एका प्रथिनावर काम चालू होते. हे प्रथिन विषाणूच्या आरएनएवरच्या एका छोट्या फाशाला धरते. त्या फाशात आठ बेस. प्रश्न साधा होता: या आठांपैकी कोणते बेस महत्त्वाचे? एकेक बदलून पाहत बसण्याऐवजी त्यांनी आठही जागा मोकळ्या सोडल्या. प्रत्येक जागी चारांपैकी कोणताही बेस चालेल, म्हणजे चाराचा आठवा घात, ६५,५३६ प्रकारचे आरएनए एकाच नळीत. नळीत प्रथिन घातले, जे आरएनए चिकटले ते राखले, बाकीचे धुवून टाकले, राखलेल्यांच्या प्रती काढल्या आणि पुन्हा तेच केले. काही फेऱ्यांनंतर दोन अनुक्रम वर आले. एक विषाणूत असलेला, निसर्गाचा. दुसऱ्यात आठांपैकी चार बेस वेगळे, आणि तरीही तो पहिल्याइतकाच घट्ट धरणारा. माझ्या मते त्या निबंधातली सर्वांत मोलाची ओळ हीच. निसर्गाने एक उत्तर वापरले होते. तेवढ्याच तोडीचे आणखी एक उत्तर तिथेच होते आणि विचार करून कोणी त्याच्यापर्यंत पोचले नसते.

एलिंग्टन आणि शोस्टाक यांनी आणखी धाडस केले. त्यांच्याकडे प्रथिनही नव्हते आणि आधी माहीत असलेला फासाही नव्हता. मधल्या शंभर जागा पूर्ण मोकळ्या सोडलेले आरएनए त्यांनी घेतले आणि लक्ष्य म्हणून साधी सेंद्रिय रंगद्रव्ये, त्यांपैकी सिबाक्रॉन ब्लू तर कापड रंगवायचा रंग. आरएनएचा आणि या रंगांचा सृष्टीच्या इतिहासात कधी संबंध आला नव्हता. तरीही रंगाला धरणारे आरएनए निघाले. त्यांचा अंदाज असा, की कुठल्याही क्रमाने जोडलेल्या आरएनएंपैकी साधारण दर १,००० कोटींत एक असा दुमडतो की छोट्या रेणूला धरणारी खोबण तयार होते.

हजार कोटींत एक म्हणजे फारच विरळ, असे वाटेल. रसायनशास्त्रात आकड्यांची ही भीती बाळगायचे कारण नसते. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढ्या द्रावणात एकावर पंधरा शून्ये इतके रेणू सहज मावतात. हजार कोटींत एक धरला तरी त्यात एक लाख उमेदवार बसलेले आहेत. दुसऱ्या बाजूने बघा. मधल्या मोकळ्या जागा फक्त ४० धरल्या तरी शक्य अनुक्रम होतात चाराचा चाळिसावा घात, म्हणजे एकावर २४ शून्ये आणि वर थोडे. प्रत्येक अनुक्रमाचा एकच रेणू घ्यायचा म्हटले तरी डीएनएचे वजन सुमारे २६ किलो भरेल. प्रयोगशाळा त्यातला अब्जावा हिस्सा घेते. म्हणजे निवडीतून जो विजेता निघतो तो सगळ्या शक्यतांतला सर्वोत्तम नसतो, नळीत हजर असलेल्यांतला सर्वोत्तम असतो. हे ध्यानात ठेवले तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आता प्रत्यक्ष रीत. यंत्रावर डीएनएचे धागे बनवतात. दोन्ही टोकांना सगळ्यांत सारखा, ठरलेला अनुक्रम आणि मधे मोकळ्या जागा. तिथे यंत्र चारही बेसांचे मिश्रण वापरते. आरएनए हवा असेल तर विकराकडून त्याच्या आरएनए प्रती करून घेतात. मग हे मिश्रण गरम करून थंड करतात, म्हणजे प्रत्येक धागा आपल्या स्वभावाप्रमाणे दुमडतो. लक्ष्य रेणू एखाद्या स्तंभात किंवा चुंबकीय मण्यांवर आधीच बसवून ठेवलेला असतो. मिश्रण त्यावरून सोडायचे. ज्यांना जमले ते चिकटतात. मग धुणे. मग चिकटलेल्यांना सोडवून घेणे आणि त्यांच्या प्रती वाढवणे. आरएनएपासून डीएनए आणि डीएनएपासून लाखो प्रती, ही पायरी कोविडच्या काळात घराघरांत पोचलेल्या आरटी-पीसीआरचीच आहे. टोकांचे ठरलेले अनुक्रम त्यासाठीच लागतात. कॅरी मुलिस यांनी १९८०च्या दशकात पीसीआर शोधली नसती तर १९९०चा ऑगस्ट उगवला नसता. अशा ८ ते १५ फेऱ्या आणि दर फेरीला धुणे अधिक कडक.

या सगळ्यात लोकांचे लक्ष चिकटण्याकडे जाते. मी मात्र विद्यार्थ्यांना धुण्याकडे बघायला सांगत असे. थिओफायलिनच्या प्रयोगाकडे परत जाऊ. नुसते थिओफायलिन बसवलेल्या स्तंभावर निवड केली असती तर जे आरएनए मिळाले असते त्यांतल्या बहुतेकांनी कॅफीनलाही आनंदाने धरले असते, कारण त्या दोन रेणूंचा बहुतांश पृष्ठभाग सारखाच आहे. संशोधकांनी युक्ती केली ती अशी: आरएनए स्तंभाला चिकटल्यावर स्तंभ आधी कॅफीनच्या द्रावणाने धुतला. ज्यांना कॅफीनही चालत होते ते थिओफायलिन सोडून कॅफीनबरोबर वाहून गेले. ते सगळे फेकून दिले. एवढे करूनही जे स्तंभावर राहिले त्यांना शेवटी थिओफायलिनच्या द्रावणाने सोडवून घेतले. दहा हजार पटींची पारख त्या कॅफीनच्या धुण्यातून आली.

असा ॲप्टामर धरतो तरी कसा? १८९४ साली एमिल फिशर यांनी विकर आणि साखर यांच्यासाठी कुलूप आणि किल्लीची उपमा दिली आणि सव्वाशे वर्षे ती शाळेच्या पुस्तकांतून हलली नाही. ॲप्टामरच्या बाबतीत ती अर्धीच खरी. थिओफायलिनचा ३३ न्यूक्लिओटाइडांचा ॲप्टामर एकटा असतो तेव्हा त्याचे दांडे जागेवर असतात, पण मधला गाभा सैल, हलता असतो. थिओफायलिन आत शिरल्यावर गाभा त्याच्याभोवती बसतो. किल्ली आल्यावर कुलपाची खाच तयार व्हावी, तसे. १९९७ साली पार्डी यांच्या गटाने एनएमआर या तंत्राने त्याची रचना दाखवली. थिओफायलिनचा चपटा रेणू बेसांच्या चळतीत मधोमध घुसतो. वर बेस, खाली बेस, आणि त्याच पातळीत बाजूला २२व्या जागेवरचे सायटोसीन. त्या सायटोसीनशी थिओफायलिन हायड्रोजन बंध जोडतो आणि त्यासाठी आपल्या सातव्या नायट्रोजनवरचा तो हायड्रोजन पुढे करतो. कॅफीनकडे त्या जागी हायड्रोजनच नाही, मिथिल गट आहे. म्हणजे बंध तर जुळत नाहीच, वर मिथिल गटाला जागाही पुरत नाही. बाहेरून बघता क्षुल्लक वाटणारा फरक नेमका पकडीच्या मर्मस्थानी येतो. हे मर्मस्थान कोणी योजले नव्हते. जे आरएनए दुसऱ्या कुठल्या बाजूने थिओफायलिन धरत होते ते कॅफीनच्या धुण्यात गेले, आणि ज्यांची पकड सातव्या नायट्रोजनवर होती तेवढे उरले.

यात कामाला येणारी बळे नेहमीचीच आहेत. हायड्रोजन बंध. चपट्या वलयांचे एकावर एक रचले जाणे. दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले की लागणारी व्हॅन डर वाल्सची क्षीण ओढ. आणि विद्युतभार. आरएनए आणि डीएनए दोघांच्याही पाठीवर फॉस्फेटांचा ऋणभार असतो, त्यामुळे धागा स्वतःलाच दूर ढकलतो. तो जवळ आणायला धनभाराचे आयन लागतात आणि म्हणून मॅग्नेशियम इतके महत्त्वाचे. थिओफायलिनचा ॲप्टामर मॅग्नेशियमशिवाय नीट चालत नाही. यांपैकी एकही बळ एकटे फारसे काही करत नाही. त्यांची बेरीज मोठी होते, कारण दुमडलेला धागा ती सगळी एकाच वेळी एकाच रेणूवर आणतो.

विद्युतभारावरून आठवले. १९९२ साली गिलियड कंपनीच्या संशोधकांनी थ्रॉम्बिनला धरणारा डीएनए ॲप्टामर शोधला. थ्रॉम्बिन म्हणजे रक्त गोठवणारे विकर. हा ॲप्टामर इतका आखूड आहे की पूर्ण वाचून दाखवता येतो: जीजी टीटी जीजी टीजीटी जीजी टीटी जीजी. पंधरा अक्षरे, संपला. नऊ जी, बाकी टी. त्यांतले चार जी एका पातळीत चौकोन करून बसतात, दुसरे चार त्यांच्या वर दुसरा चौकोन करतात, आणि दोन चौकोनांच्या मधे पोटॅशियमचा एक आयन अडकून सगळ्याला सांभाळतो. टीच्या फाशांनी तो थ्रॉम्बिनवरची ती जागा धरतो जिथे एरवी फायब्रिनोजेन येऊन बसते. एवढ्या छोट्या, सोप्या अनुक्रमात इतकी घट्ट वस्तू दडलेली असेल यावर माझा स्वतःचा बराच काळ विश्वास बसत नव्हता. पोटॅशियमऐवजी चौकोनांत नीट न बसणारा आयन द्या, तीच अक्षरे सैल पडतात. म्हणून ॲप्टामरचा नुसता अनुक्रम सांगणे अपुरे असते, तो कोणत्या पाण्यात, कोणत्या मिठात, किती तापमानाला निवडला गेला हेही सांगावे लागते. निवड त्या पाण्यात झाली, तर पकड त्याच पाण्यातली.

निवड करत जाण्याची ही पद्धत १९९०च्या आधी एका वेगळ्याच संदर्भात दिसली होती. १९६७ साली इलिनॉय विद्यापीठात सोल स्पीगलमन यांनी एका विषाणूचा आरएनए आणि त्याच्या प्रती काढणारे विकर नळीत ठेवले. ठरावीक वेळाने थोडे द्रावण नव्या नळीत टाकायचे. जो आरएनए लवकर प्रती काढेल तोच पुढे जाणार. ७४ नळ्यांनंतर मूळ आरएनएचा ८३ टक्के भाग गळून पडला होता. संसर्ग करण्याची, आवरण बनवण्याची सगळी माहिती गेली होती आणि एक आखूड, वेगवान धागा उरला होता. वेग मागितला, वेग मिळाला. बाकी काही मागितले नव्हते, म्हणून बाकी काही राहिले नाही. स्पीगलमन यांचा हा धागा मी ॲप्टामरांचा पूर्वज मानतो, कारण निवडीचा काटेकोरपणा आणि तिचा आंधळेपणा दोन्ही त्यात उघडे दिसतात.

आता प्रतिपिंडांशी तुलना. शरीराबाहेर एखादा रेणू ओळखायचा तर शंभर वर्षे आपण प्रतिपिंडांकडे वळलो. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपल्याकडे सर्पदंशावरच्या लसीशी जोडलेले आहे. ती अशी बनते: घोड्याला विषाची मात्रा थोडी थोडी टोचत जायची आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढायची. या वाटेने असंख्य जीव वाचले आहेत, वाचत आहेत. ॲप्टामर तिची जागा घेईल असे म्हणणारा माणूस एकतर घाईत आहे किंवा कंपनीचा आहे. पण ॲप्टामरला प्राणी लागत नाही. लक्ष्य इतके विषारी असेल की प्राणी जगणार नाही, किंवा इतके छोटे असेल की शरीर त्याची दखलच घेणार नाही, तरी निवड नळीत होऊ शकते. प्रतिपिंडाचे वजन दीड लाख डाल्टनच्या आसपास, ॲप्टामरचे बहुधा त्याच्या दहाव्या भागाएवढे. तो यंत्रावर बनतो, त्यामुळे या महिन्याची खेप आणि पुढच्या वर्षीची खेप सारखीच निघते. गरम केल्यावर उलगडला तरी थंड केल्यावर बहुधा पुन्हा तसाच दुमडतो. प्रतिपिंड एकदा बिघडले की बिघडले.

औषध म्हणून मात्र वाट खडतर निघाली. साधा आरएनए रक्तात घातला तर तिथली विकरे काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात. जे उरतील ते इतके लहान असतात की मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते. पहिल्या अडचणीवर उपाय म्हणून न्यूक्लिओटाइडांच्या साखरेतल्या दुसऱ्या कार्बनवर फ्लोरीन किंवा मिथॉक्सी गट बसवले. दुसरीसाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे पेगची लांब शेपटी जोडली. या दोन्ही युक्त्या अंगावर घेऊन डिसेंबर २००४मध्ये पेगॅप्टानिब हे पहिले ॲप्टामर औषध अमेरिकेत मंजूर झाले. मॅक्युजेन हे त्याचे बाजारातले नाव. उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागी नव्या, गळक्या रक्तवाहिन्या वाढतात आणि समोरचे दिसेनासे होते, त्यावर हे औषध डोळ्यात सुईने दर सहा आठवड्यांनी द्यायचे.

त्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचे अनेक प्रकार शरीरात असतात. पेगॅप्टानिब त्यांतल्या १६५ अमिनो आम्लांच्या प्रकाराला धरतो. त्याची निवडच त्या प्रकारावर झाली होती आणि मुख्य दोषी तोच असे तेव्हा समजले जात होते. १२१ अमिनो आम्लांच्या आखूड प्रकारात ती पकडीची जागाच नाही, म्हणून तो ॲप्टामरच्या हातून निसटतो. २००६ साली रॅनिबिझुमॅब आले. ते प्रतिपिंडाचा तुकडा, सगळ्याच प्रकारांना धरणारे. रुग्णांची दृष्टी टिकणे तर सोडाच, अनेकांची सुधारली. दोन-तीन वर्षांत पेगॅप्टानिब मागे पडले. ॲप्टामर निकामी होता म्हणून ते हरले, असे मी म्हणणार नाही. त्याला जे विचारले होते त्याचे उत्तर त्याने चोख दिले होते. आजार त्या प्रश्नापेक्षा मोठा होता. पुढचा ॲप्टामर मंजूर व्हायला २०२३चा ऑगस्ट उजाडला: ॲव्हासिंकॅप्टॅड पेगॉल. तेही डोळ्याचे औषध, दृष्टिपटलाच्या झिजेवरचे, आणि त्याचे लक्ष्य रोगप्रतिकारातले सी-५ प्रथिन.

ड्यूक विद्यापीठातल्या रस्कोनी आणि सलेंजर यांची कल्पना मला या सगळ्या क्षेत्रात सर्वांत देखणी वाटते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा मोठा धोका म्हणजे रक्तस्राव सुरू झाला तर तो थांबवायचा कसा. ॲप्टामरचा अनुक्रम माहीत असतो. मग त्याच्या नेमका समोर बसणारा दुसरा धागा लिहिणे शालेय काम आहे. तो धागा रक्तात सोडला की तो ॲप्टामरशी जोडी जमवतो, ॲप्टामरचा दुमडलेला आकार उलगडतो आणि पकड सुटते. औषधाबरोबरच त्याचा उतारा! २००२ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये हे दाखवले, रक्त गोठण्यातला नववा घटक हे लक्ष्य घेऊन. हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरच्या उपचारात याची मोठी चाचणी झाली, ३,२००हून अधिक रुग्ण दाखल झाले आणि २०१४ साली ती थांबवावी लागली. काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी झाली. तपासात बोट गेले ते पेगच्या शेपटीकडे. पेग अनेक औषधांत आणि सौंदर्यप्रसाधनांत असते, त्यामुळे काही माणसांच्या रक्तात पेगविरुद्धची प्रतिपिंडे आधीच असतात. ॲप्टामर आणि त्याचा उतारा यांच्या निवडीत पेगला कोणी काही विचारलेच नव्हते.

निदानाच्या क्षेत्रात चित्र बरे आहे, पण तिथलीही एक गोष्ट सांगायला हवी. २००९ साली दक्षिण कोरियातून आर्सेनिकला धरणारा डीएनए ॲप्टामर प्रसिद्ध झाला. पिण्याच्या पाण्यातले आर्सेनिक हा बंगालच्या खोऱ्यातला जीवनमरणाचा प्रश्न, तेव्हा त्या ॲप्टामरवर आधारलेल्या तपासण्यांचे निबंध धडाधड निघाले. बऱ्याच तपासण्यांत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा रंग बदलताना पाहायचा होता. रंग बदलत होता. २०१९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या गटाने सोने बाजूला ठेवून नुसता ॲप्टामर आणि नुसते आर्सेनिक घेऊन पकड मोजली. पकड सापडली नाही. आर्सेनिक सोन्याच्या पृष्ठभागावर बसत होते आणि रंगाचा बदल त्यातून येत होता. दहा वर्षे लोकांनी उपकरणाचे उत्तर वाचले, पकडीचे नाही. निवडीच्या वेळी लक्ष्य ज्या मण्यांवर बसवलेले असते त्या मण्यांनाच चिकटणारे धागे विजेते ठरणे, हा धोका तर नेहमीचाच. म्हणून शहाणा संशोधक आधी मिश्रण रिकाम्या मण्यांवरून सोडतो आणि चिकटलेले फेकतो.

आपल्या देशात या कामाला सर्वांत जवळचा प्रश्न क्षयाचा आहे. फरीदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये क्षयाच्या जंतूची प्रथिने ओळखणारे ॲप्टामर निवडले गेले, विशेषतः मेंदूच्या आवरणाच्या क्षयासाठी. लहान मुलांना होणारा हा फार घातकी प्रकार. पाठीतले पाणी काढून तपासतात, पण त्यात जंतू इतके थोडे असतात की सूक्ष्मदर्शकाला बहुधा चकवा देतात, आणि जंतू वाढवून पाहायचे तर आठवडे जातात. जंतूचे एचएसपीएक्स नावाचे प्रथिन मात्र त्या पाण्यात उतरलेले असते. ते धरणारा ॲप्टामर हाताशी असेल तर काही तासांत अंदाज येतो. इथेही प्रश्न तोच. पाठीतल्या पाण्यात माणसाची स्वतःची प्रथिने जंतूच्या प्रथिनापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात, आणि ॲप्टामरची खरी परीक्षा तिथे आहे.

शेवटी एका उलट्या शोधाबद्दल बोलतो. आपण ॲप्टामर नळीत बनवले त्यानंतर बारा वर्षांनी, २००२ साली, येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या आणि एव्हगेनी नूडलर यांच्या गटांनी दाखवले, की जिवाणूंमध्ये ते आधीपासून आहेत. त्यांना रायबोस्विच म्हणतात. एखादे जीवनसत्त्व बनवणाऱ्या विकराचा संदेश घेऊन निघालेल्या आरएनएच्या सुरुवातीलाच एक ॲप्टामर असतो. पेशीत ते जीवनसत्त्व पुरेसे झाले की ॲप्टामर त्याला धरतो, धागा वेगळ्या रीतीने दुमडतो आणि विकर बनणे थांबते. मधे एकही प्रथिन नाही. बी-१, बी-२, बी-१२ या जीवनसत्त्वांच्या रूपांसाठी असे ॲप्टामर सापडले. आपण काही महिन्यांत ज्या फेऱ्या करतो त्या इथे अब्जावधी वर्षे चाललेल्या.

मग निसर्गाची पारख परिपूर्ण असेल का? फिलिपिन्समधल्या डावाओच्या मातीत एक स्ट्रेप्टोमायसिस सापडतो. तो रोझिओफ्लेविन नावाचे लालसर प्रतिजैविक बनवतो. रोझिओफ्लेविन बी-२ जीवनसत्त्वाच्या इतके जवळचे आहे की इतर जिवाणूंचा रायबोस्विच त्याच्या फॉस्फेट जोडलेल्या रूपाला जीवनसत्त्व समजून धरतो, बी-२चे उत्पादन बंद करतो, आणि जिवाणू बी-२वाचून मरतो. त्या जिवाणूंच्या पूर्वजांना रोझिओफ्लेविन कधी भेटलेले नसावे. त्यांच्या ॲप्टामरला ते कधी धुण्यात आलेच नव्हते. डावाओच्या जिवाणूचे काय? तो तर हे विष स्वतःच्या पेशीत बनवतो. त्याच्या एका बी-२ रायबोस्विचची तपासणी झाली, आणि २०१२ साली प्रसिद्ध झाले की तो रोझिओफ्लेविनच्या रूपाला भुलत नाही, खऱ्या जीवनसत्त्वाच्या रूपाला मात्र धरतो. शेजाऱ्यांच्या रायबोस्विचपासून त्याला वेगळे करणारा फरक शोधत गेल्यावर तो बहुतांशी एका न्यूक्लिओटाइडवर येऊन ठेपला.